भजन लावणं आणि भजन म्हणणं

पहाटे पाचला मारुतीच्या देवळावरचा भोंगा सुरू होतो. आबा बाजेवर पडून ऐकत असतात. कुणी चौकशी केली की घरातून उत्तर ठरलेलं, ‘आबांचं काय, दिवसभर भजनच चालू असतं.’ असतं खरं, पण ते मोबाइलचं. दोन वर्षांमागं गुडघ्यांनी दगा दिला, देवळात जाणं सुटलं, मुलानं मोबाइल भरून दिला. तेव्हापासून आबांच्या तोंडून अभंग ऐकलेला नाही.

मराठीत या दोन गोष्टींना दोन क्रियापदं आहेत, लावणं आणि म्हणणं. म्हाताऱ्या माणसाला पहिलं देऊन आपण दुसरं दिल्याचं समाधान मानतो.

लावण्यात काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. फिनलंडमध्ये स्मृतिभ्रंशाचे ८९ रुग्ण आणि त्यांना सांभाळणारी माणसं घेऊन केलेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला १० आठवडे गायला लावलं, दुसऱ्याला ऐकायला, तिसऱ्याची फक्त नेहमीची देखभाल चालू ठेवली. गाणारे आणि ऐकणारे, दोघांचंही मन हलकं झालं, स्थळकाळाचं भान सुधारलं, जुन्या आठवणी वर आल्या. जगण्यातलं समाधान तर ऐकणाऱ्यांत वाढलेलं दिसलं. पण आत्ता कानावर पडलेलं डोक्यात धरून त्यावर काम करायची जी स्मृती असते, ती गाणाऱ्यांची सुधारली. शिवाय त्यांना सांभाळणाऱ्यांनाही बरं वाटू लागलं.

हे का होत असावं ते हरिपाठाला उभं राहिलं की कळतं. समोरासमोर दोन रांगा. तिकडून आलेला चरण कानात धरायचा, आपल्या पाळीला झेलायचा, ओळ संपेपर्यंत श्वास पुरवायचा, हातातला टाळ चुकू द्यायचा नाही आणि पावलीत पाय शेजाऱ्याबरोबर टाकायचा. कान, फुप्फुसं, हात, पाय, स्मरण सगळं एकदम कामाला लागतं. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७ अभंग म्हणजे चांगलीच मेहनत आहे. मोबाइलला यातलं काहीच आपल्याकडून नको असतं. आपण झोपलो तरी तो गातो.

दुसरा फरक माणसांचा. आमच्याकडं, गंगाखेडच्या बाजूला, सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पहाऱ्याच्या पाळ्या लागतात. आबांची पाळी रात्री दोनची असायची. पाच मिनिटं उशीर झाला की पोरगं बोलवायला यायचं. ऐकणाऱ्याला बोलवायला कोण येतंय?

अमेरिकेत वॉशिंग्टन परिसरात ज्येष्ठांच्या समूहगानाचा अभ्यास झाला, तो २००६ साली छापून आला. सरासरी वय ऐंशीच्या आसपास. वर्षभर गाणाऱ्यांचं पडणं, डॉक्टरकडं जाणं, औषधं, सगळं न गाणाऱ्यांपेक्षा कमी निघालं. पण ते गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. मुळात धडधाकट आणि हौशी माणसंच गायला जातात, हीही शक्यता उरते. त्यामुळं भजनानं गोळ्या सुटतात असं कुणी सांगितलं तर गोळ्या सोडू नका.

बायकांचं गाणं तर आणखी गुपचूप गेलं. आजी रोज जात्यावर ओव्या म्हणायची. गिरणी आली, हात सुटले ते बरंच झालं. त्याबरोबर तिचं रोजचं गाणंही गेलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता टीव्हीवर कीर्तन लागतं.

आम्ही शेवटी भजनी मंडळालाच दर गुरुवारी आमच्या ओट्यावर बोलावलं. काही गोष्टी अनुभवानं कळल्या. वारकरी भजनाची पट्टी उंच, काळी चार-पाच, म्हणजे पेटीची चौथी-पाचवी काळी पट्टी. सत्तरीच्या गळ्याला ती झेपत नाही, माणूस लाजून गप्प बसतो. म्हणून पेटीवाल्याला काळी एक धरायला लावली. स्पीकर बंद ठेवला, कारण त्या आवाजात कमी ऐकू येणाऱ्याला उलट काहीच उमगत नाही. दम्याच्या माणसाला लांब ताना नकोत, टाळ पुरे. आणि खुर्ची हवीच. खाली बसायच्या भीतीनं कितीतरी जण येत नाहीत.

पहिल्या गुरुवारी आबा नुसते टाळ धरून बसले. दुसऱ्या गुरुवारी ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिसऱ्या गुरुवारी अभंग ऐन रंगात असताना त्यांनी हात वर करून मृदंगवाल्याला थांबवलं.

‘जरा धर की गड्या. ठेका पळायलाय तुहा.’