शार्पनर (चाकू-सुरीचा)

चाकू, सुरी आणि विळीच्या बोथट पात्याला घरच्या घरी किंवा प्रवासात धार लावायचे, हातात मावणारे साधन. मुंबईत नुसते ‘शार्पनर’ म्हटले की दुकानदार आधी पेन्सिलीचा काढतो. म्हणून भांड्यांच्या दुकानात ‘सुरीचा शार्पनर’ आणि नागदेवी स्ट्रीटवरच्या हत्यारांच्या दुकानात ‘धारेचा दगड’ किंवा ‘ऑइल स्टोन’ मागावा. दगडाला मराठीत निसणा असा जुना शब्द आहे. खाचेचा शार्पनर, हिऱ्याची पट्टी, सिरॅमिकची कांडी, छोटा दुतोंडी दगड आणि पोलादी सळई ही सगळी मंडळी या एकाच नावाखाली विकली जातात. पण त्यांतले कोण पात्याचे किती पोलाद खाते यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि निवड त्यावरूनच करावी.

धार ‘गेली’ असे आपण म्हणतो तेव्हा ती नेहमी झिजलेलीच असते असे नाही. रोजच्या वापरातल्या स्टेनलेस सुरीचे पोलाद मऊसर असते. व्हिक्टोरिनॉक्सच्या स्वयंपाकाच्या सुऱ्या कठीणपणाच्या रॉकवेल मापावर साधारण ५५-५६ भरतात. चांगल्या जपानी सुऱ्या ६० च्या वर जातात. मऊ पोलादाची कड झिजण्याआधी एका बाजूला कलते. अशा सुरीला पोलादी सळईवर किंवा सिरॅमिकच्या कांडीवर चार हलके हात दिले की कड पुन्हा सरळ उभी राहते आणि टोमॅटो चेपायचा थांबतो. कडक जपानी पात्याची कड मात्र कलण्याऐवजी टवके उडून तुटते. तिला गुळगुळीत सळईचा उपयोग नाही, दगडच हवा.

मुंबईत कित्येक वर्षे फिरता शार्पनर म्हणजे माणूसच होता, धारवाला. सायकल स्टँडवर चढवायची, पेडल मारायचे आणि पट्ट्याने फिरणाऱ्या चकतीवर सुरी टेकवायची. चाळीच्या अंगणात ठिणग्या बघायला पोरे जमत. या चकत्यांचा मुंबईशी दुसराही संबंध आहे. भारतात ग्राइंडिंग व्हील तयार करण्याची सुरुवात बंदरापलीकडे उरणजवळच्या मोरा इथे, १९४१ मध्ये ग्राइंडवेल या कंपनीने केली. धारवाल्याचा हात कसबी असतो, पण कोरडी चकती वेगाने फिरते आणि पात्याची पातळ कड क्षणात तापते. सुरी घरी आल्यावर टोकाशी निळसर-जांभळा डाग दिसला, तर तिथले पोलाद निदान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापून त्याचे पाणी उतरले, म्हणजे कठीणपणा गेला, असे समजावे. ती जागा पुढे लवकर बोथटते. कोयता, अडकित्ता, मोठी कात्री त्याच्याकडे खुशाल द्यावी. रोजची भाजीची सुरी देऊ नये.

घरोघरी सर्वांत जास्त खपतो तो खाचेचा शार्पनर. प्लॅस्टिकच्या मुठीत इंग्रजी व्ही अक्षरासारखे बसवलेले टंगस्टन कार्बाइडचे दोन तुकडे, शेजारी बहुधा सिरॅमिकची दुसरी खाच. सुरी चार वेळा ओढली की कापू लागते, म्हणून तो आवडतो. पण कार्बाइड घासत नाही, खरवडतो: ओढल्यावर खाचेखाली पोलादाचा बारीक कीस पडलेला दिसतो, तो पुसून टाकण्याआधी एकदा नीट पाहावा. दर आठवड्याला असा कीस काढला तर दोन-तीन वर्षांत पात्याचा आकार बदलतो. मुठीलगतचा भाग खाचेत शिरत नाही, तो तसाच राहतो आणि त्याच्या पुढे खोलगट बाक पडतो. मग कोथिंबीर चिरताना पाते पाटाला पूर्ण टेकत नाही आणि जुडी अर्धवट जोडलेली राहते. कोनही खाचेने ठरवलेला, तो बदलता येत नाही. शंभर-दीडशे रुपयांच्या सुरीला हे चालून जाते. महागाच्या सुरीला कार्बाइडची खाच लावू नये. सिरॅमिकची खाच त्या मानाने सौम्य असते.

खिशातल्या चाकूसाठी हिऱ्याची पट्टी उत्तम. धातूच्या पत्र्यावर निकेलच्या मुलाम्याने हिऱ्याची बारीक पूड पक्की केलेली असते. क्रेडिट कार्डाएवढी पट्टी पाकिटात मावते; काही पट्ट्यांची मूठ फुलपाखराच्या पंखांसारखी मिटते. हिऱ्याहून कठीण काही नसल्याने कोणतेही पोलाद चालते, तेल लागत नाही, पट्टीत खळगा पडत नाही. एकच पथ्य, दाबायचे नाही: जोर दिला की हिऱ्याचे कण उखडतात आणि उरतो नुसता पत्रा. नवी पट्टी सुरुवातीला तिच्यावरच्या ग्रिटच्या आकड्यापेक्षा (आकडा जितका मोठा, तितके कण बारीक) खरबरीत लागते, थोड्या वापराने बसते. भाजीच्या सुरीला ६०० ते १००० ग्रिट पुष्कळ झाले. त्यापुढची आरशासारखी धार दिसते देखणी, पण टोमॅटोच्या सालीवर थोडी दातेरी कडच लवकर पकडते. पार बोथट झालेल्या पात्यासाठी ३००-४०० ची भरड बाजू हाताशी असावी. सह्याद्रीत भटकणाऱ्यांचा किंवा दुकानात खोकी फोडणाऱ्यांचा चाकू बहुधा याच गटात मोडतो. पुठ्ठा पात्याचा मोठा वैरी.

खरी अडचण साधनाची नसते, कोनाची असते. स्वयंपाकाच्या साध्या सुरीला प्रत्येक बाजूने साधारण २० अंश, जपानी पातळ सुरीला १५, खिशातल्या दणकट चाकूला २० ते २५ अंश ठेवतात. मोजपट्टी न घेता हे असे जमते: दोन सेंटिमीटर रुंद पाते २० अंशांवर धरायचे तर त्याची पाठ पट्टीपासून सुमारे सात मिलिमीटर उचलावी लागते, म्हणजे दहा रुपयांची चार नाणी एकावर एक ठेवली तर जवळजवळ तेवढी. चार सेंटिमीटर रुंद सुरीला याच्या दुप्पट. एका बाजूने घासत राहिले की पलीकडच्या कडेवर पोलादाची सूक्ष्म किनार उलटते. पाठीकडून धारेकडे अंगठा हळूच सरकवला की ती खरखरते. अंगठा धारेच्या लांबीवरून फिरवायचा नाही. ही खरखर टोकापासून मुठीपर्यंत सलग लागली तरच बाजू बदलावी. शेवटी दोन्ही बाजूंना आळीपाळीने अगदी हलके हात द्यावेत आणि पाते जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने, म्हणजे धार मागे ठेवून, ओढावे. न्हावी वस्तऱ्याला हेच करत असे.

विळीचे प्रकरण वेगळे. बाजारातले बहुतेक शार्पनर सुरी ओढून घेण्यासाठी असतात, आणि विळी किंवा मासे कापायचा कोयता तर पाटाला पक्का असतो. तिथे पात्याने दगडाकडे जायचे नाही, दगडाने पात्याकडे यायचे. त्यामुळे विळीच्या घरात लांब दांड्याची हिऱ्याची पट्टी किंवा सिरॅमिकची कांडी घ्यावी: विळी पायाखाली घट्ट दाबायची आणि पट्टी खालून वर, बोटे धारेच्या मागे ठेवून फिरवायची. करवतीसारखे दाते असलेल्या पावाच्या सुरीलाही निमुळती कांडीच लागते, एकेका दात्यात घालून.

दुतोंडी दगड स्वस्त आणि टिकाऊ, पण खिशात न्यायला जड. तो कृत्रिम कुरुंदाचा (कुरुंद हे अतिशय कठीण खनिज) किंवा सिलिकॉन कार्बाइडचा असतो. इंग्रजी ‘कोरंडम’ हा शब्द मूळचा आपल्याकडच्या भाषांतला, आणि नॉर्टन कंपनीच्या प्रसिद्ध तपकिरी-केशरी दगडाचे नावच ‘इंडिया’. ऑइल स्टोनवर हाताशी आहे म्हणून खोबरेल ओतू नये. ते चिकट होऊन दगडाची छिद्रे बुजतात. शिलाई मशीनचे तेल चालते. दगडाखाली ओले फडके ठेवले की तो सरकत नाही.

काहीच जवळ नसेल तेव्हा चिनी मातीच्या कपाचे किंवा लोणच्याच्या बरणीचे बूड उपयोगी पडते. तळाच्या कड्याला झिलई नसते आणि तो खरखरीत भाग सिरॅमिकच्या कांडीचेच काम करतो. ओट्याच्या कडप्प्यावर सुरी घासायची सवय मात्र निरुपयोगी. कडप्पा हा चुनखडक, पोलाद झिजवण्याइतका कठीण नाही. आवाज तेवढा होतो.

मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, साध्या पोलादाच्या पात्याची ताजी धार एका रात्रीत तांबूस पडते. धार लावल्यावर पाते धुवावे, कोरडे पुसावे आणि तेलाचे बोट फिरवावे. चाकू खिशात ठेवणाऱ्याने कायदाही ध्यानात घ्यावा. शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक वापरासाठी बनवलेले वगळून. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना लहान चाकूवरूनही प्रश्न उपस्थित होऊ शकतो. विमानाने जाताना चाकू केबिनच्या बॅगेत चालत नाही, तो चेक-इन सामानात टाकावा.