डाओमधील मतदान

ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून राखलेल्या डिजिटल नोंदवहीवर, चालणाऱ्या संघटनेचे निर्णय टोकनधारकांच्या (तिच्या डिजिटल नाण्यांच्या मालकांच्या) मतांनी घेण्याची पद्धत. अशा संघटनेचे पूर्ण नाव 'विकेंद्रित स्वायत्त संघटना'; त्यात वावरणारे मात्र सरसकट 'डाओ' म्हणतात. इथे मत माणसाला नसते, टोकनाला असते. सहकारी संस्थेत दहा शेअर असोत की हजार, सभासदाचे मत एकच. डाओत ज्याच्या वॉलेटमध्ये (डिजिटल पाकिटात) टोकन जास्त, त्याचे पारडे जड. लोकशाहीचे शब्द कितीही वापरले, तरी ही रीत सहकारापेक्षा भागधारकांच्या सभेला जवळची आहे.

या कारभाराचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे इथेरियम या ब्लॉकचेनवरील युनिस्वॅप हे टोकनांचे विनिमय केंद्र. सप्टेंबर 2020 मध्ये त्याने एकूण 100 कोटी 'युनी' टोकन जाहीर केले आणि त्याआधी व्यवहार केलेल्या प्रत्येक पत्त्याला (ब्लॉकचेनवरील खात्याला) 400 युनी देऊ केले. पण टोकन हाती आले म्हणजे मत हाती आले, असे नाही. मताधिकार आधी कोणाच्या तरी नावे 'डेलिगेट' करावा, म्हणजे सोपवावा लागतो. स्वतःच मत द्यायचे असले, तरी स्वतःच्याच पत्त्याला. हा व्यवहार साखळीवर नोंदवायचा, म्हणजे त्याची 'गॅस' फी (व्यवहार नोंदवण्याचे शुल्क) आली. मूठभर टोकनवाला एवढा खटाटोप करीत नाही आणि त्याचे टोकन मतमोजणीपुरते नसल्यासारखेच राहते.

युनिस्वॅपमध्ये ठराव हा नुसता मजकूर नसतो, त्यासोबत कार्यान्वित होणारा कोडही असतो. मंजुरी मिळाली की तो दोन दिवस 'टाइमलॉक'मध्ये थांबतो आणि मग चालवला जातो. अंमलबजावणीसाठी सेक्रेटरीच्या मागे लागावे लागत नाही.

युनिस्वॅपचे पहिलेच मतदान ऑक्टोबर 2020 मध्ये झाले. ठराव मांडण्यासाठी लागणारी मते 1 कोटीवरून 30 लाखांवर आणि कोरम 4 कोटींवरून 3 कोटींवर आणावा, असा 'धर्मा' या अमेरिकी कंपनीचा प्रस्ताव होता. बाजूने 3,95,96,759 मते पडली, विरोधात 6,96,857. कोरम मोजताना फक्त होकारार्थी मते धरली जात, त्यामुळे सुमारे चार लाख मतांनी ठराव पडला. कोरम कमी करण्याचा ठराव कोरमअभावीच बारगळला! आपल्या हाउसिंग सोसायटीत अर्ध्या तासाने तहकूब सभा भरवून हा पेच सुटतो. कोडमध्ये तशी पळवाट लिहिलेली नव्हती. होकारातील बरीचशी मते खुद्द धर्मा आणि 'गॉन्टलेट' या दोनच संस्थांकडची होती. नवा कोरम लागू झाला असता, तर त्या दोघी मिळून जवळपास वाटेल तो ठराव संमत करू शकल्या असत्या, अशी टीका तेव्हा झाली. ती रास्त होती.

मत विकत घेण्याऐवजी उसने आणले तर काय होते, हे 'बीनस्टॉक' या प्रकल्पाने 17 एप्रिल 2022 रोजी पाहिले. तिथे मताचे वजन त्या क्षणी जमा असलेल्या मालमत्तेवर ठरे आणि दोन-तृतीयांश मते असतील तर ठराव एका दिवसानंतर तातडीने अमलात आणता येई. हल्लेखोराने आदल्या दिवशीच ठराव दाखल करून ठेवला. मग 'फ्लॅश लोन' (त्याच व्यवहारात फेडायचे विनातारण कर्ज) म्हणून सुमारे 100 कोटी डॉलर उचलून मताधिकार मिळवला, मत दिले, तिजोरी रिकामी केली आणि कर्ज फेडले. हे सगळे एकाच व्यवहारात, काही सेकंदांत. प्रकल्पाचे सुमारे 18 कोटी डॉलरचे नुकसान झाले. जोडीला युक्रेनला अडीच लाख डॉलर देणगी देण्याचाही ठराव त्याने मांडला होता. युनिस्वॅपमध्ये मतांचे वजन मतदान सुरू होतानाच्या ब्लॉकवरून (साखळीतील त्या वेळच्या नोंदीवरून) मोजतात, म्हणून ऐनवेळी आणलेले उसने टोकन तिथे चालत नाहीत.

गॅस वाचवण्यासाठी अनेक डाओ 'स्नॅपशॉट' या साखळीबाहेरच्या मतदान-सेवेवर मतदान घेतात. त्यात वॉलेटची सही पुरते, पण निकाल आपोआप अमलात येत नाही. तिजोरीच्या सामाईक किल्ल्या ज्यांच्याकडे असतात, त्यांनी तो मानावा लागतो.

मत देण्याची कायदेशीर जोखीमही असते. सप्टेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या वायदे बाजार नियामकाने क्रिप्टो-व्यवहारांचे व्यासपीठ चालवणाऱ्या 'ऊकी डाओ'वर खटला भरला. डाओला ना कार्यालय ना पत्ता, म्हणून समन्स संकेतस्थळावरील मदतीच्या चॅट खिडकीतून बजावले गेले. टोकन वापरून मतदान केलेले सगळे या संघटनेचे सदस्य, अशी नियामकाची मांडणी होती. नुसते टोकन बाळगून गप्प बसलेले त्यातून सुटत. बचावाला डाओ उभी राहिलीच नाही. जून 2023 मध्ये न्यायालयाने एकतर्फी निकाल देऊन 6,43,542 डॉलर दंड ठोठावला आणि संकेतस्थळ बंद करण्याचा आदेश दिला.