बाराखडी पाठ आहे, मग वाचन कुठे अडतं?

दुसरीतली एक मुलगी ओळीखाली बोट सरकवत वाचते : ‘मा… मा… मामा. बा… जा… रा… त. गे… ला.’ एकही अक्षर चुकत नाही. ‘कोण कुठे गेलं गं?’ असं विचारलं की ती गप्प होते आणि पुन्हा पुस्तकात बघते. क पासून कः पर्यंत बाराखडी तिला एका दमात म्हणता येते. अशी मुलं कोणत्याही गावच्या शाळेत भेटतात, आणि त्यांच्या अडचणीची मुळं बरीच जुनी आहेत.

पंतोजींच्या शाळेत आधी लिहायचं आणि मग वाचायचं. पाटीवर धूळ पसरून त्यात अक्षर गिरवायचं, गिरवताना मोठ्याने म्हणायचं. म्हणून ती धुळाक्षरं. आरंभ ‘ॐ नमः सिद्धम्’ने होई. पोरांच्या तोंडी त्याचं ‘ओ ना मा सी धं’ झालं आणि आरंभालाच आपण ‘ओनामा’ म्हणू लागलो. शब्द कळण्याआधी तो घोकायचा, हे ओनाम्यापासूनच ठरलेलं होतं.

पुढे हाच मुलगा मोडी वाचणार असे. मोडीत वेलांटी-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नसत, दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने मजकुराच्या अर्थावरून ओळखायचं. जमीन, सारा, वतन यांचा व्यवहार ठाऊक असलेल्या कारकुनाला कागद भराभर लागायचा तो त्यामुळे. शिकवताना जो अर्थ बाजूला ठेवला जाई, त्याच्याशिवाय प्रत्यक्ष वाचताना एक ओळही पुढे सरकत नसे.

एकोणिसाव्या शतकात छापील बाळबोध, म्हणजे देवनागरी, आली आणि शब्द सुटे झाले. मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची. वाक्य कुठे थांबतं हेही आता कागदावर दिसू लागलं. शिकवण्याचा क्रम मात्र तोच राहिला : स्वर, व्यंजनं, बाराखडी, जोडाक्षरं आणि सगळ्यात शेवटी शब्द.

या क्रमाला खरा धक्का बालशिक्षणाच्या चळवळीने दिला. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ सुरू केला. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ‘अंगणवाडी’ हा शब्द याच कामातला. गुरं राखणाऱ्या मुलांमागे रानात जाणारी ‘कुरणशाळा’ही. वारली मुलांच्या घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून वेगळी. त्यांच्यापुढे थेट ग-म-भ-न ठेवून भागणारं नव्हतं. आधी गाणी, गोष्टी, गप्पा हव्या होत्या. जो शब्द मुलाने कधी ऐकलेलाच नाही, तो त्याने अक्षर अक्षर जोडून वाचला तरी त्याला ओळखणार कसा? वाचनशिक्षणाच्या आपल्या इतिहासात मला हे काम सर्वांत मोलाचं वाटतं.

१९६७ मध्ये पुण्यात बालभारती स्थापन झाली आणि पाठ्यपुस्तकं राज्यभर एकसारखी झाली. पहिलीच्या वर्गात वर्णमालेचा क्रम सोडून अक्षरांचे छोटे गट घ्यायचे, त्यांतून लगेच शब्द करायचे, ही पद्धत रुळली. चांगलाच बदल होता हा. पण सोपं म्हणून आधी बिनकान्यामात्र्याचे शब्द आले : ‘घर बघ’, ‘नळ बघ’. मुलाचे स्वतःचे शब्द आठवून बघा. मामा, पाणी, भाकरी, शेळी. सगळ्यांना काना, मात्रा, वेलांटी आहे. त्यामुळे त्याचे शब्द पुस्तकात बरेच उशिरा उगवायचे.

याचा अर्थ अक्षरं शिकवू नयेत असा मुळीच नाही. ३४ व्यंजनं गुणिले बाराखडी म्हणजे चारशेहून जास्त अक्षरं, जोडाक्षरं वेगळीच. ‘कि’मधली वेलांटी आधी दिसते, ऐकू मागून येते. एकच र ‘चक्र’, ‘सूर्य’, ‘राष्ट्र’ आणि ‘सुऱ्या’मध्ये चार रूपं घेतो. हे सगळं मुलाला आपोआप उमगत नाही. संशोधक सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड मुलांबद्दल दाखवून दिलं की अक्षरांवर पकड यायला चौथीपर्यंत, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. पालघरमधली मराठी आणि यादगीरमधली कन्नड मुलं घेऊन पुढे शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षं अभ्यास केला. त्यात लिपीही कच्ची दिसली आणि समजही. एक पक्की होईपर्यंत दुसरीला थांबवून ठेवणं मुलांच्या कामी आलं नव्हतं.

गॉफ आणि टन्मर या संशोधकांनी १९८६ मध्ये हेच गुणाकारात मांडलं होतं : अक्षरांवरून शब्द उलगडणं गुणिले भाषेची समज. दोन्हींपैकी एक शून्य असेल, तर वाचनही शून्य.

मराठीत तर उच्चारसुद्धा अर्थ कळल्याशिवाय ठरत नाही. ‘जग फार मोठं आहे’ आणि ‘शंभर वर्षं जग’ ही दोन वाक्यं मोठ्याने वाचा. अक्षरं तीच, ‘ज’ मात्र वेगवेगळा. कोणता म्हणायचा हे बाराखडी सांगत नाही, वाक्य सांगतं. ‘चार आंबे’ आणि ‘गाईला चारा घाल’ यांतल्या ‘च’चंही तेच.

केंद्र सरकारच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं ध्येय ठेवलं आहे, मुदत २०२६-२७ ची. साठ शब्द घड्याळ लावून मोजता येतात. ‘समजून’ मोजायचं तर बाईंना मिनिट संपल्यावर मुलीशेजारी बसून विचारावं लागतं, ‘मामा कुठे गेला गं? आणि कशाला गेला असेल?’