फौजेतून घरी आल्यावर कॉलेज: प्रवेशासाठी काय काय लागतं

पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून गावी आलेल्या फौजीजवळ डिस्चार्ज बुकासोबत (सेवेची नोंद असलेलं निवृत्तीचं पुस्तक) अनेकदा फौजेने दिलेलं ग्रॅज्युएशनचं प्रमाणपत्र असतं. दहावी पास आणि किमान 15 वर्षं सेवा असेल तर ते मिळतं. पदवी मागणाऱ्या गट-कच्या नोकरीला ते चालतं, पण एम.ए. किंवा एलएल.बी.च्या प्रवेशाला नाही. ही गोष्ट सुट्टीवर असतानाच कोणी सांगायला हवी. इथे ती कॉलेजच्या खिडकीवर कळते आणि चाळिशीचा माणूस हिरमुसून परत फिरतो.

त्याने परत फिरू नये. बारावी राहिली असेल तर राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देता येते. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार आणि फोटो लागतो. अर्ज ऑनलाइन असतो, तोही बहुधा ऐन डवरणी-निंदणाच्या दिवसांत, म्हणून दाखला उन्हाळ्यातच काढून ठेवा.

बारावीनंतर बी.ए., बी.कॉम.ला वय आड येत नाही. गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, असल्यास जातीचा दाखला आणि मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. प्रतिज्ञापत्राला डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स जोडा, म्हणजे ही वर्षं कुठे गेली हे वेगळं सांगावं लागत नाही.

खरी अडचण नावाची. शाळेत एक स्पेलिंग, फौजेत दुसरं, आधारवर तिसरं. कधी जन्मतारीखही वेगळी. प्रवेशाच्या आठवड्यात हे निस्तरत नाही. घरी येताच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून माजी सैनिकाचं ओळखपत्र घ्या. सेवेच्या कागदांत चूक असेल तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कसा पाठवायचा, हेही तिथेच विचारा. आणखी एक: इंजिनिअरिंग वगैरेंच्या प्रवेशातला डिफेन्स कोटा मुलांसाठी आहे, स्वतः फौजीसाठी नाही.

शेती किंवा सिक्युरिटीची ड्युटी असेल तर रोजची हजेरी जमत नाही. अशांना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. विदर्भात त्याची विभागीय केंद्रं अमरावती आणि नागपूरला आहेत, आणि अभ्यासकेंद्र बऱ्याचदा तालुक्याच्या कॉलेजातच सापडतं.

अग्निवीरांचं गणित निराळं आहे. चार वर्षांनी परतणाऱ्याला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. मात्र इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) अग्निवीरांसाठीच्या खास पदवीत निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. त्यामुळे घरी निघण्याआधीच युनिटमधून त्या नोंदणीचे आणि प्रशिक्षणाचे सगळे कागद हातात घ्या.