खोक्यात कागद का नाही?

जुन्या कागदाचे मणी वळून दागिने करायचा आमचा संच घरी नेऊन खोके उघडले की पहिला प्रश्न बहुधा हाच येतो. आत आखणीचा साचा आहे, चार काड्या, बोथट सुई, मेण लावलेला सुती दोरा आणि गोल टोकाची कात्री. कागद मात्र नाही. तो आम्ही मुद्दाम ठेवलेला नाही.

सुरुवातीच्या खोक्यांत आम्ही छापील रंगीत पट्ट्या कापून देत होतो. मुलांनी अर्ध्या तासात त्या गुंडाळल्या आणि खोके बाजूला सारले. तेच घरातला जुना कागद शोधायला सांगितले, तर रद्दीचा गठ्ठा उपसण्यातच संध्याकाळ जाते. आजोबांच्या मासिकातले निळे आभाळ, मागच्या वर्षीच्या दिनदर्शिकेवरचे जास्वंदीचे फूल, साडीच्या जाहिरातीतला जरीचा काठ... गुंडाळल्यावर यातला कुठला रंग वर येईल, याचा अंदाज बांधण्यातच खरी गंमत आहे. म्हणून कृपा करून यासाठी नवा रंगीत कागद विकत आणू नका.

मणी असा वळतो

साच्याने कागदावर लांबट त्रिकोण आखा : पाया २ सेंमी, लांबी साधारण ३० सेंमी. त्रिकोण एक सुलटा, एक उलटा असे आखले तर ए-४ आकाराच्या एका पानातून १८-२० पट्ट्या निघतात. पट्टीची रुंद बाजू काडीवर ठेवा. पहिला वेढा कोरडाच घ्या, नाहीतर मणी काडीलाच चिकटतो. मग पट्टीच्या उरलेल्या भागावर बोटाने फेविकॉलचा पातळ हात फिरवा आणि घट्ट गुंडाळत जा.

गुंडाळताना पट्टीचे टोक मधोमध राहते का, एवढेच पाहायचे. राहिले तर मणी दोन्ही बाजूंना निमुळता आणि पोटात फुगीर होतो, अगदी बोरासारखा. आपल्या बोरमाळेतला मणी याच घाटाचा. सराफ तो सोन्याच्या पातळ पत्र्याचा पोकळ घडवतात आणि आत लाख भरतात. आपला कागदाने भरलेला. घरात आजीची बोरमाळ असेल तर ती काढून मुलांच्या हातात द्या आणि दोन्ही मणी शेजारी ठेवून बघा. आम्हाला या सगळ्या कामातला हा क्षण सगळ्यात आवडतो. संक्रांतीला बोरन्हाणात अंगावर बोरे पडलेली आणि हलव्याचे दागिने घातलेले ज्या मुलांना आठवते, त्यांना तर हा आकार ओळखीचाच असतो.

टोक एका बाजूला सरकले की मणी शंखासारखा होतो. तो फेकू नका. असे दोन जमले की कानातल्यांची जोडी होते.

वर्तमानपत्राचा कागद सरावाला चांगला, पण त्याची शाई बोटांना लागते. लग्नपत्रिका जाड असते, गुंडाळताना तडकते. तिची पदके कापा. मासिकाचा गुळगुळीत कागद सर्वांत उत्तम.

मणी रात्रभर वाळवा, पावसाळ्यात दोन दिवस. नंतर फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून दोन हात द्या. त्याने चकाकी येते, पण मणी जलरोधक होत नाही. माळ घालून अंघोळ करू नये, हे मुलांना आधीच सांगा.

तीस मण्यांची माळ ६० सेंमीच्या आसपास भरते आणि मुलाच्या डोक्यावरून सहज जाते, म्हणजे माळेला हुकाची गरजच उरत नाही. गाठ मात्र साधी मारा. खेळताना माळ कुठे अडकली तर ती सुटलीच पाहिजे. झोपताना ती काढून ठेवा.

हे वापरू नका

दुकानाचे किंवा एटीएमचे गुळगुळीत बिल घेऊ नका. ओळखायला सोपे आहे : नखाने जोरात ओरखडा काढला की काळी रेघ उमटते. या कागदावर उष्णतेने काळे होणाऱ्या रसायनांचा थर असतो आणि तो मुलांच्या बोटांना लागतो. फुटक्या बांगड्या, पत्र्याचे डबे आणि गोळ्यांच्या पाकिटांची पन्नी यांच्या कडा कापतात. खेळण्यांतले बटण-सेल तर मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. गिळले गेल्यास थोड्याच वेळात अन्ननलिका भाजते. प्लास्टिकच्या बाटल्यांचे मणी बनवताना त्या तापवाव्या लागतात, म्हणून ते आम्ही या संचात घेतलेले नाही.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती मणी देऊ नका, आणि मोठे भावंड मणी वळत असेल तेव्हा तर जास्तच लक्ष ठेवा. चार-पाच वर्षांच्या मुलांनी रंग निवडावेत आणि तुमच्या शेजारी बसून मणी ओवावेत. गुंडाळणे साधारण सहाव्या वर्षापासून जमते. लांब सरळ रेषेत कापायला हात अजून पक्का लागतो, तोवर ते काम तुम्ही करा.

फेविकॉल लागलेला मणी पुन्हा रद्दीत जात नाही, तेव्हा माळेला लागतील तेवढेच मणी वळा. काड्या हरवल्या तर आमच्याकडे मागवू नका. अगरबत्ती जळून गेल्यावर खाली जी कोरी बांबूची काडी उरते, ती याच कामाची आहे. खराट्याची हीरही चालते. दोरा आणि सुई वेगळी मिळते, त्यासाठी अख्खा संच घ्यायची गरज नाही.