निथळणारा घाम गार करत नाही

"आज ३४ च आहे, कालच्यापेक्षा बरं." उन्हात काम करून घेणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य सर्रास असतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. बातम्यांत सांगतात ते तापमान सावलीतल्या तापमापकाचं असतं. त्याला ना ऊन लागत, ना राबावं लागत, ना घाम येत.

आधी राबण्याचंच बघू. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातला जेमतेम पाचवा हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होते. खणणं, ओझी वाहणं अशा जड कामात शरीरात दर सेकंदाला सुमारे ४०० ज्यूल उष्णता तयार होते. ७० किलोच्या माणसात ती साठतच राहिली, तर दर दहा मिनिटांना अंगाचं तापमान एक अंशाने चढेल. म्हणजे ३७ वरून ४० वर, उष्माघाताच्या उंबरठ्यावर, अर्ध्या तासात! असं रोज घडत नाही ते घामामुळे.

पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता खेचली जाते. हनुवटीवरून ठिबकून मातीत पडलेला थेंब मात्र जवळजवळ काहीच नेत नाही. पाणी आणि मीठ तेवढं वाया जातं.

घाम किती झपाट्याने वाळेल, हे त्वचेलगतच्या आणि हवेतल्या वाफेच्या दाबांत किती फरक आहे यावर ठरतं. ओली त्वचा ३५ अंशांवर धरली, तर तिच्यालगत हा दाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. हवा ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर हवेतला दाब १.६ च्या आसपास, म्हणजे फरक ४. आता ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता घ्या. हवेतलाच दाब ४ वर जातो, फरक उरतो १.६. वारा तेवढाच असला तरी घाम वाळण्याचा वेग निम्म्याहून खाली येतो. माणूस घामाने निथळतो आणि आतून तापतच राहतो. ४२ अंशांचा कोरडा दिवस निर्धोक असतो असं मात्र नाही. तिथे हवाच अंग तापवते, आणि घाम दिसायच्या आत उडून जात असल्याने शरीरातलं पाणी किती कमी झालं याचा पत्ताच लागत नाही.

अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणात जवान उन्हाने कोसळू लागले, तेव्हा १९५० च्या दशकात उष्णतेचा अंगावर पडणारा ताण मोजणारा एक निर्देशांक तयार झाला, वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर (डब्ल्यूबीजीटी). त्यात ओलं कापड गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला २० टक्के आणि साध्या तापमापकाला अवघं १० टक्के. काम कधी थांबवायचं हे याच आकड्यावरून ठरायला हवं. त्याचं उपकरण हातात मावतं.

सावलीतली विश्रांती म्हणजे लाड नव्हेत. हात थांबले की ते ४०० ज्यूल शंभराच्या आसपास येतात. दुसरा कोणताही उपाय उष्णता मुळातच इतकी कमी करत नाही. गळ्यात अडकवायच्या चिमुकल्या पंख्यांच्या जाहिराती कितीही आकर्षक असोत, त्यांना हे जमणारं नाही.

सर्वात जास्त धोका नव्या माणसाला. अमेरिकेत कामावर उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे पहिल्याच दिवशी होतात. उन्हाला सरावायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या वेळेच्या २० टक्केच काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं. तहानेची वाट न बघता दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं. तापलेल्या अंगाने गार पाणी पिऊ नये, हा समज सोडून द्या.

कुणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तापाची गोळी देऊ नका. तापात मेंदूच शरीराचं तापमान चढवून धरतो आणि गोळी ते उतरवते. उष्माघातात तसं नसतंच, त्यामुळे गोळीचा उपयोग शून्य. रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत थांबू नका. त्याला सावलीत आणून कपडे सैल करा, अंगभर गार पाणी ओतत राहा आणि वारा घाला. बर्फ असेल तर मानेवर, काखेत, जांघेत ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.