पायी उजवीकडून, सायकल डावीकडून: एकच सवय दोघांना का चालत नाही

कोकणातल्या कुठल्याही गावच्या रस्त्यावर सकाळी थोडा वेळ उभं राहिलात की उलट्या बाजूने येणारी एखादी सायकल हमखास दिसते. कधी पाववाला असतो, कधी शाळेत निघालेली मुलं. का असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: "मागसून येऊन कोणी ठोकल्यान तर? त्यापेक्षा समोरची दिसता ती बरी."

या उत्तरात खोटं काही नाही. फक्त ते पायी चालणाऱ्याचं उत्तर आहे, सायकलवाल्याचं नाही. फूटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरची वाहनं बघत चाला, हे सांगितलं जातं आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे गावाबाहेर फूटपाथ नसतोच. पण तीच शिकवण माणूस सायकलवर बसल्यावरही लागू करतो आणि तिथे सगळं गणित उलटं होतं.

आता खरोखरच गणित करू. गाडी ताशी ५० किलोमीटरने येतेय, सायकल १५ ने चाललीय, आणि वळणामुळे दोघांना एकमेकांची चाहूल लागते तेव्हा मधे ६० मीटर आहेत. आपल्या वळणांवर ६० मीटर म्हणजे चैनच. सायकल डावीकडून, गाडीच्याच दिशेने चाललेली असेल तर गाडी ताशी ३५ च्या फरकाने जवळ येते आणि ड्रायव्हरला सहा सेकंदांहून थोडा जास्त वेळ मिळतो. सायकल समोरून येत असेल तर वेगांची बेरीज होते, ६५, आणि हातात उरतात सव्वातीन सेकंद. आता हाच हिशेब ताशी ५ किलोमीटरने चालणाऱ्याचा करा: पाठमोरा चालला तर पावणेपाच सेकंद, समोरून आला तर चारला थोडे कमी. म्हणजे चालणाऱ्याने बाजू बदलली तर सेकंदभराचाही फरक पडत नाही, आणि त्या बदल्यात त्याला गाडी डोळ्यांनी दिसते. सौदा फायद्याचा. सायकलवाला मात्र दिसण्याच्या समाधानासाठी जवळजवळ अर्धा वेळ घालवून बसतो.

शिवाय दिसल्यावर करणार काय, हा प्रश्न उरतोच. चालणारा एक पाऊल बाजूला टाकतो, साइडपट्टीवर उतरतो, अगदीच वेळ आली तर गटारात उडी मारतो. सायकलला आडवं सरकता येत नाही. डांबराची कड आणि साइडपट्टी यांत वीतभर उंचीचा फरक असतो, पावसाळ्यात त्यावर शेवाळ आणि वर वाढलेलं गवत, पलीकडे जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. चाक त्या कडेवरून घसरलं की सायकलवाला रस्त्याच्याच बाजूला पडतो.

ड्रायव्हरच्या बाजूने बघितलं तर आणखी एक गोष्ट कळते. पुढे डावीकडून सायकल चाललीय आणि समोरून एसटी येतेय, तर गाडीवाला वेग १५ वर आणून सायकलच्या मागे राहतो, एसटी गेली की उजवीकडून पुढे निघतो. वैताग होतो, पण अपघात होत नाही. सायकल समोरून येत असेल तर तो पूर्ण थांबला तरी प्रश्न सुटत नाही, कारण सायकल येतच राहते.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे वाडीतून मुख्य रस्त्याला लागणारा चढाचा तुकडा. दोन्ही बाजूंना छातीएवढा गडगा, त्यावर करवंदीच्या जाळ्या किंवा कुणीतरी रचून ठेवलेलं सरपण. रिक्षावाला फर्स्ट गिअरमध्ये चढ चढून वर येतो, पुढचं चाक डांबराला टेकवतो, मान उजवीकडे वळवतो. त्याला डावीकडे वळायचं असतं आणि त्या बाजूच्या लेनमध्ये वाहनं येतात ती उजवीकडून. रस्ता मोकळा दिसला की क्लच सोडतो. मान अजून उजवीकडेच. त्याच क्षणी गडग्याला चिकटून डावीकडून सायकल आली तर दोष रिक्षावाल्याच्या नजरेचा नाही, त्याने जिथे बघायला हवं तिथेच बघितलं. सायकलवाल्याला रिक्षा दिसत होती म्हणावं, तर गडग्याआडून तीही दिसत नव्हती. ज्या "दिसण्या"साठी एवढा खटाटोप, तेच तिथे मिळत नाही.

आणि एकाच कडेवर दोन सायकली समोरासमोर आल्या तर? बाहेर कोण जाणार? बहुतेक वेळा बरोबर बाजूने येणाराच बिचारा रस्त्याच्या मधे ढकलला जातो, पाठीमागे चिऱ्यांचा ट्रक आहे की डंपर हे न बघता. उलट्या बाजूने येणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे, पण इथे ती संपते.

कायद्याचं बोलू. "सायकलला लायसन नाही, पासिंग नाही, विमा नाही, मग नियम कसला?" हे वाक्य सायकलवाले बोलतात, आणि "टॅक्स भरत नाहीत ते रस्ता कसला अडवतात" असं गाडीवाले बोलतात. दोघांचा घोटाळा एकच: कागदपत्रं आणि रस्त्याचे नियम या वेगळ्या गोष्टी आहेत. १९८८ चा मोटार वाहन कायदा मोटारवाहनांसाठी आहे, साधी सायकल त्यात बसत नाही, म्हणून लायसन नाही. पण १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात वाहनाच्या व्याख्येत सायकल आहे, आणि त्याच्या कलम ९९ प्रमाणे वाहन चालवणाऱ्याने रस्त्याच्या डाव्या बाजूला राहायचं, त्याच दिशेने जाणाऱ्या वाहनाला उजवीकडून ओलांडायचं. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकण्याबद्दलचं, तेही इंजिन आहे की पॅडल हे विचारत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पायी माणसावर मात्र उजवीकडून चालण्याची अशी सक्ती नाही. त्याच्यासाठी तो सल्ला आहे, सायकलसाठी डावी बाजू हा नियम आहे.

गाडीवाल्यांनी यावरून फार खूश होऊ नये. वाहतुकीच्या ठरलेल्या दिशेविरुद्ध मोटारवाहन चालवणं २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जातं. पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. डिव्हायडरमधल्या पुढच्या कटपर्यंत जायचा कंटाळा आला म्हणून हायवेवर उलटी घातलेली बाइक यातच येते.

आता चालणाऱ्यांसाठी अपवाद, कारण आपल्या रस्त्यांवर तो पदोपदी येतो. रस्ता उजवीकडे वळत असेल तर उजव्या कडेने चालणारा वळणाच्या आतल्या बाजूला, डोंगराला किंवा गडग्याला चिकटून असतो. समोरून येणाऱ्या गाडीला तो अगदी शेवटी दिसतो. अशा वळणाच्या अलीकडेच रस्ता ओलांडून बाहेरची बाजू धरावी, वळण संपलं की परत यावं. शतपावली करणाऱ्यांना हे सांगून बघा, हसतात.

मग घाटी, म्हणजे उभा चढ, आली आणि सायकलवरून उतरून ती ढकलत न्यायची वेळ आली, तर तुम्ही कोण? पायी की सायकलस्वार? १९६८ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना वाहतूक करारात याचं उत्तर आहे: गावाबाहेर चालणाऱ्याने वाहनांच्या समोरची बाजू धरावी, पण सायकल किंवा मोटरसायकल ढकलणाऱ्याने वाहनांच्याच दिशेची, म्हणजे आपल्याकडे डावी. ढकलणारा माणूस आणि सायकल मिळून रुंदी दुप्पट होते, आणि पटकन बाजूला होणंही जमत नाही. त्याच करारात मिरवणुकीलाही वाहनांच्या दिशेची बाजू दिली आहे. शिमग्याची पालखी रात्री एका वाडीतून दुसऱ्या वाडीत निघते तेव्हा हे उपयोगी पडेल. पुढे एक आणि मागे एक बॅटरीवाला मात्र हवाच.

राहिली मागून धडक बसण्याची भीती. ती खरी आहे आणि ती गाडीवाल्यांनीच घातलेली आहे. कोपर घासेल इतक्या जवळून, वर कर्णकर्कश हॉर्न मारून गाडी गेली की दुसऱ्या दिवशी माणूस बाजू बदलतोच. फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडावं लागतं, जर्मनीत दोन मीटर. आपल्या अरुंद रस्त्यावर समोरून काही येत असताना एवढी जागा निघणारच नाही. मग ओलांडू नये, इतकंच. सायकलवाल्याने हँडलला उजव्या बाजूला छोटा आरसा लावावा. मागचं दिसायला बाजू बदलावी लागत नाही. रात्री मागे लाल दिवा. नुसत्या रिफ्लेक्टरवर विसंबू नये, कारण त्याच्यावर हेडलाइट पडल्याशिवाय तो उजळत नाही आणि वळणावर हेडलाइट आधी दरीत पडतो. उलट्या बाजूने गेलात तर तो मागचा लाल दिवा येणाऱ्या गाडीला दिसतही नाही.

एका ठिकाणी मात्र नियम सांगून भागत नाही. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी झाला तिथे काही गावांची घरं एका बाजूला आणि शाळा, बाजार दुसऱ्या बाजूला गेले. कट लांब, मधे डिव्हायडर. पोराला उलट्या बाजूने शंभर मीटर जाणं की सरळ दूर जाऊन वळून येणं, यात ते काय निवडणार हे आपल्याला माहीत आहे. जवळ अंडरपास आणि सर्व्हिस रोड असेल तर दोन मिनिटं जास्त लागली तरी तोच धरावा. सर्व्हिस रोड दुतर्फा असेल तर त्यावरही डावीच बाजू. दोन्ही नसेल तर सायकलवरून उतरावं, साइडपट्टीच्या बाहेरून ती हाताने न्यावी, आणि ग्रामसभेत अंडरपासचा किंवा पादचारी पुलाचा ठराव मांडावा.